तक्रारी : शून्य

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून लोकाइच्या कारखान्यात जाऊन घड्याळ पाहते, अन् कॉलेज तिले त्याचा पगार देते." पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे. असं काम आपल्यालाही मिळावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

सासूबाई काही खोटं बोलत नव्हत्या. मी यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उत्पादनशास्त्र शिकवायची आणि त्यातच संशोधन करायची. संशोधन म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. माझ्याकडे गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच, पर्समध्ये मोजपट्टी आणि दोरी बांधलेली वही, एवढाच संसार होता. आमच्या शास्त्राची पुस्तकं जाडजूड असतात, पण आत प्रश्न तीनच. वस्तू बनवायची कशी, मुळात ती असावी कशी, आणि बनल्यावर माणसापर्यंत न्यायची कशी. या तिन्हींत कुठे वेळ फुकट जातो, कुठे लोखंड फुकट जातं, कुठे गाडी रिकामी फिरते, हे शोधून काढायचं. मला ते भयंकर आवडायचं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा अधिकृत परवाना आणखी कुठे मिळतो?

मी नेरची. बाबा एसटीत मेकॅनिक. बोनेट उघडायच्या आधी बाबा ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारायचे, "सांग, काय म्हणते ते गाडी?" ड्रायव्हर दहा मिनिटं बोलायचा, बाबा ऐकायचे, मग पान्याला हात लावायचे. यंत्रांचं वेड मला बाबांकडून आलं. ही विचारायची सवय मात्र माझ्याकडे आली नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

सुरुवातीलाच एक चुणूक मिळाली होती. नेरच्या एका डाळ मिलमध्ये हमाल पोती वाहायचे, ती वाट मी मोजली. गोदामापासून गाडीपर्यंत ते वळसा घालून जायचे. मी चुन्याची सरळ रेघ मारून दिली, पावलं वाचली, मालक खूश. पंधरा दिवसांनी गेले तर सगळे पुन्हा वळशानेच चाललेले. मुकादमाने मला हाताला धरून माझ्या सरळ रेघेवर उभं केलं. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर पत्रा नाही. वळशाच्या वाटेवर कडुनिंब होता. मी रेघ पुसून टाकली आणि मनातल्या मनात म्हटलं, ठीक आहे, एक चूक झाली. धडा घ्यायचा तो घेतला नाही.

दुसऱ्या एका वर्कशॉपमधला वेल्डर तर माझं घड्याळ पाहून असा काही सुटला की मालकही बघत राहिला. दिवसभराचं काम त्याने दुपारी उरकलं. संध्याकाळी हात धुऊन माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "म्याडम, माहा नंबर कितवा आला?" त्याला मी पहिला आला म्हणून सांगितलं. ते आकडे मात्र वहीतून खोडावे लागले.

आता कळंबची गोष्ट. तिथे महादेवभाऊंचं वर्कशॉप होतं. महादेवभाऊ म्हणजे पस्तिशीचा, कमी बोलणारा, हातात सोनं असलेला माणूस. हाताखाली तीन कामगार. ते सायकल डवरा बनवायचे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : पुढे जुन्या सायकलचं एक चाक, मागे धरायला दोन दांड्या, आणि खाली जमिनीलगत एक आडवं लोखंडी पातं. त्या पात्याला आमच्याकडे पास म्हणतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून हा डवरा ढकलत गेलं की पास तण कापत जाते. बैल लागत नाहीत, एकटी बाई चालवू शकते.

पण धंदा बसत चालला होता. मोठ्या कारखान्यांचे रंगीत डवरे बाजारात आले होते. महादेवभाऊंनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हा एक हंगाम पाहायचा, नाही जमलं तर दुकानाला कुलूप. पांढरकवड्याच्या पेट्रोल पंपावर साडभावाने, म्हणजे साडूने, त्यांच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. चांगलं लोखंड ओळखणारा हा माणूस हायवेवरच्या ट्रकांमध्ये डिझेल भरत उभा राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी आहे. वय लहान होतं, छाती मोठी होती.

आणि खरं सांगते, मी काम चांगलं केलं. महादेवभाऊ एक डवरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवायचे, मग दुसरा घ्यायचे. प्रत्येक डवऱ्याचं माप थोडं वेगळं, एकाची दांडी दुसऱ्याला बसायची नाही. मी साचे करून घेतले. आधी सगळे पाइप कापा, मग सगळे वाकवा, मग सगळ्यांना भोकं पाडा. दांडीची उंची त्यांनी स्वतःच्या उंचीवर ठेवली होती, आणि ते चांगले सहा फुटी. मी बायकांची मापं घेतली आणि एका बोल्टवर दांडी खाली-वर होईल असं केलं. बायकांना ढकलायला हलका व्हावा म्हणून पास पातळ केली. कॉलेजच्या मागच्या मैदानात स्वतः पदर खोचून चालवून पाहिला. लोण्यासारखा चालला.

मग माझी नजर सोमवारवर पडली.

रविवारी वर्कशॉपला सुट्टी असायची, आणि त्या वर्षी आमच्या भागात दर सोमवारी दिवसभर वीज नसायची. वीज नाही म्हणजे वेल्डिंग नाही, ड्रिल नाही. कामगार बसलेले. महादेवभाऊ कोळशाची भट्टी पेटवून हाताने भाता फिरवायचे आणि आलेल्या लोकांच्या जुन्या पासा, विळे, कुऱ्हाडी पाजवून, म्हणजे धार लावून, द्यायचे. दुकानासमोर बाभळीखाली आठ-दहा माणसं बसलेली, चहावर चहा, गप्पांना ऊत. मी तीन सोमवार स्टॉपवॉच लावून पाहिलं. एक माणूस सरासरी सव्वा तास बसायचा आणि त्याचं काम दहा मिनिटांचं असायचं. माझ्या वहीत त्या रकान्याला मी नाव दिलं, 'वाया गेलेला वेळ'.

मी महादेवभाऊंना म्हटलं, सुट्टी रविवारची काढून सोमवारी करा. आठवड्याचा एक अख्खा दिवस वाचतो. ते बराच वेळ हातातली सांडशी पुसत राहिले. मग म्हणाले, "पन म्याडम, सोमवारीच तं लोकं येतात."

"येतील मंगळवारी," मी म्हणाले.

ते आणखी काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी शिकलेली बाई, गळ्यात घड्याळ, हातात आलेखाचा कागद. त्यांनी मान हलवली. दुकान सोमवारी बंद झालं.

आलेख असा चढला की बघत राहावं. त्यातच पांढरकवड्याकडच्या बचत गटांच्या एका संस्थेची दोनशे डवऱ्यांची मागणी आली. गावोगावच्या बायकांना निंदणाच्या आत डवरे पाहिजे होते. ही मागणी पुरी झाली की पुढच्या वर्षीही तेच घेणार होते. उशीर झाला तर रद्द. म्हणजे महादेवभाऊंचं दुकान राहणार की पंप, ते या दोनशे डवऱ्यांवर ठरणार होतं. दरम्यान माझ्या नव्या डिझाइनचे चाळीस डवरे आम्ही आसपासच्या गावांत आणि तांड्यांवर आधीच विकले होते. महिना झाला, एकही तक्रार आली नाही. मी अर्धवार्षिक अहवालात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ग्राहकांच्या तक्रारी : शून्य'. नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याखाली लाल शाईने दोन रेघा मारून 'उत्तम' असा शेरा दिला. तो अहवाल मी घरी सासूबाईंनाही दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोनशे डवरे तयार होऊन भिंतीला टेकून उभे होते. गुरुवारी पाठवायचे होते. त्याआधीच्या सोमवारी मी कळंबला गेले, ती पुढच्या अहवालासाठी बंद दुकानाचा फोटो काढायला. शांत, नीटनेटकं, शिस्तीचं वर्कशॉप, असं काहीतरी खाली लिहायचं डोक्यात होतं.

बाभळीखाली सात-आठ माणसं बसलेली होती. समोर बंद शटर. कुणाच्या मांडीवर पास, कुणाच्या हातात कुऱ्हाड. आणि एका कडेला जवळच्या तांड्यावरची सोनाबाई राठोड, आमचा डवरा आडवा टाकून बसली होती. चाळिशीची बाई, हातावर कोपरापर्यंत गोंदण, डोळ्यांत मिस्कील चमक.

मी म्हटलं, दुकान तर सोमवारी बंद असतं, पाटी वाचली नाही का? एक म्हातारबा म्हणाले की पाटी वाचली, पण उघडेल कधीतरी म्हणून येतो. हा त्यांचा चौथा सोमवार होता. मी जरा चिडूनच विचारलं, मग मंगळवारी का येत नाही?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोनाबाईने विचारलं, "बाई, तुमी कोठच्या?"

"नेरच्या."

"नेरच्या अन् हे माईत नाई? सोमवारी बैल जुपत नाईत. बाकी दिवशी वावर सोडून कोन येईन?"

माझ्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. त्या भागातल्या गावांमध्ये, सगळीकडे नसेल, पण तिथे आहे, सोमवार हा महादेवाचा म्हणजे नंदीचा दिवस. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वखर नाही, डवरणी नाही. मग माणूस काय करतो? हत्यारं घेऊन लोहाराकडे जातो. शेकडो वर्षं असंच चाललेलं. मेकॅनिकची पोर मी, बसस्टँडच्या आवाजात वाढले, बैलाचा वार मला कुठून माहीत असणार? पण विचारता तर आलं असतं.

मी खाली बसले. आणि बसल्यावर एकेक कळायला लागलं. माझ्या त्या वाया गेलेल्या सव्वा तासात काय चालायचं, तर तक्रार. आमच्याकडे कुणी आल्या आल्या तक्रार करत नाही, ते बरं दिसत नाही. आधी जुनं हत्यार पाजवायला द्यायचं, मग पाऊसपाणी, मग चहा, आणि चपला घालता घालता म्हणायचं, "बाकी तो डवरा जरा वाकून राह्यला भाऊ." महादेवभाऊ वाकलेली पास हातात घेऊन बघायचे आणि पुढच्या डवऱ्यात दुरुस्ती करायचे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या ज्यासाठी स्वतंत्र खातं उघडतात, ते काम कळंबला बाभळीखाली चहावर चालायचं. मी त्यालाच कुलूप लावलं होतं. दार बंद, तर तक्रार येणार कुठून?

सोनाबाईने डवरा उलटा केला. पास मधोमध मागे वाकली होती. कॉलेजच्या मैदानात मुरूम होता, तिथे ती लोण्यासारखी चालली. काळ्या जमिनीत, पावसानंतर वरचा थर वाळून कडक झाला की माझी पातळ पास दम सोडत होती. वाकलेली पास तिरपी चालते आणि तणाबरोबर पऱ्हाटीचं रोपही कापते. मी विचारलं, किती रोपं गेली? तिने एक ओळ, असं बोट दाखवलं. मला रडू यायला लागलं होतं.

तिचंच लक्ष गेलं. म्हणाली, रडून काय होते, हे पाहा. पासेच्या मागे मधोमध तिने मोडक्या खाटेची लोखंडी पट्टी टेकू म्हणून लावली होती, तारेने घट्ट आवळलेली. वरचं टोक चौकटीला बांधलेलं. दांड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून. ती एक ओळ गेल्यावर तिने तांड्यातल्या सगळ्या डवऱ्यांना तशाच पट्ट्या बांधून दिल्या होत्या. तरीही ती चार सोमवार येत होती. कशाला, तर म्हणे महादेवभाऊले सांगाले पाहिजे ना, नाहीतर ते तसेच बनवत राहतील.

काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

महादेवभाऊंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं; सुट्टीच्या दिवशी माणसाला घरी जाऊन उठवणं बरं दिसत नाही, म्हणून इतके सोमवार कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. मी जाऊन त्यांना उठवलं, दुकानासमोर आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. "महादेवभाऊ, चूक माझी आहे. पास मी पातळ केली आणि दारही मीच बंद केलं. हे दोनशे डवरे असे पाठवता येणार नाहीत."

त्यांनी सोनाबाईचा डवरा उचलला, पट्टी बोटाने दाबून पाहिली, तारेचा पीळ पाहिला. त्यांच्या मनात पेट्रोल पंप आला असणार, माझ्या तर आलाच होता. ते डवरे तसेच पाठवले असते तर चालून गेलं असतं. पांढरकवड्याच्या पलीकडच्या बायका तक्रार करायला कळंबला थोड्याच आल्या असत्या. पण ते त्या पट्टीवरून हात काढेनात.

"चूक माही बी हाये, म्याडम," ते म्हणाले. "तुमी काहून म्हनून विचारलं नाई, अन् मी सांगतलं नाई."

मग त्यांनी शटर वर केलं.

वीज नव्हती, पण भट्टी होती. टेकूची पट्टी तापवून वाकवायला वीज लागत नाही. बाभळीखालची माणसं न सांगता आत आली. म्हातारबांनी भाता धरला, दोघांनी घण. मी सोनाबाईच्या पट्टीचं माप घेऊन साचा आखला, आणि इथे माझी विद्या कामी आली, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई नुसती चुकाच करायची. एकेक पट्टी वेगळी घडवली असती तर आठवडा लागला असता. साच्यावर सगळ्या एकसारख्या पडत गेल्या. सोनाबाई एका पोत्यावर बसून प्रत्येक पट्टी तपासत होती आणि पसंत नसली की काही न बोलता परत भट्टीकडे सरकवत होती. इतका कडक परीक्षक मला विद्यापीठातसुद्धा भेटला नाही.

तरी हिशेब बसेना. मंगळवार-बुधवारात दोनशे भोकं, दोनशे बोल्ट, वर दांड्यांना रबर. गुरुवार गाठता येणार नव्हता. मी संस्थेच्या ताईंना फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं, आणि विचारलं, गुरुवारऐवजी सोमवारी आणले तर चालतील का? सोमवारी माणसं गावात असतात, घ्यायला येतील.

पलीकडून ताई म्हणाल्या, "अवो म्याडम, आमी तं पहिल्यापासून सोमवारच म्हनून राह्यलो. तुमच्याच कागदावर गुरुवार लिहेल होता."

खरंच होता. गाड्या रिकाम्या मिळतात म्हणून गुरुवार मीच ठरवला होता. मी फोन हातात धरून इतकी हसले की महादेवभाऊ घाबरून बाहेर आले.

चार दिवस जास्तीचे मिळाले. डवरे आम्ही सुटे पाठवले, चाकं एकात एक, दांड्यांची मोळी, पासा वेगळ्या. म्हणून दोन फेऱ्यांचं काम एका गाडीत बसलं. बरोबर प्रत्येक गटाला एक पाना. जोडणी बायकांनीच केली, आणि स्वतः जोडलेली वस्तू बिघडली तर दुरुस्तही त्याच करतात, हे मी तिथे शिकले. गाडी सोमवारी सकाळी पांढरकवड्याला पोहोचली, तेव्हा पहिल्या गावात चौकात पन्नास बायका उभ्या होत्या. बैल गोठ्यात रवंथ करत होते. महादेवभाऊंनी जवळच्या वावरात एका बाईला डवरा चालवताना पाहिलं, तिने ओळीच्या टोकाला जाऊन पास तपासली आणि हात वर केला. महादेवभाऊ तोंड वळवून गाडीचं फाळकं लावायला लागले. ते आधीच लावलेलं होतं.

दुकान राहिलं. पुढच्या वर्षीही मागणी आली. पंपाच्या नोकरीवर साडभाऊ स्वतःच लागला.

प्रबंधात मी सगळं लिहिलं, सोमवारसकट. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तेच प्रकरण सगळ्यांत चांगलं म्हणाले. एक गोष्ट मात्र राहून गेली. तो अर्धवार्षिक अहवाल आजही कॉलेजच्या कपाटात आहे, 'तक्रारी : शून्य' आणि त्याखाली लाल दोन रेघा. मला तो कितीदा तरी बदलून ठेवावासा वाटला. आणि सोनाबाईची ती एक ओळ पऱ्हाटी मी कधीच भरून देऊ शकले नाही. विषय काढला की ती म्हणायची, सोडा व बाई, एका ओळीनं काय होते. पण ती ओळ माझ्या मनातून गेली नाही.

महादेवभाऊंनी दुकानावर नवी पाटी लावली. रंगाऱ्याकडून नाही, स्वतःच्या हाताने : 'सोमवारी दुकान चालू. माल बनत नाही. तक्रार ऐकल्या जाईल.' दर वर्षी मी विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन त्या पाटीसमोर उभी करायची. पोरं फोटो काढायची आणि हसायची. मी म्हणायची, हसा, पण लिहून घ्या.

यंदा मी निवृत्त झाले. कॉलेजात मोठा समारंभ झाला, हार, शाल, भाषणं. महादेवभाऊंना मी स्वतः जाऊन बोलावणं दिलं होतं, पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. ते आले नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत माझं लक्ष दाराकडे होतं. इतक्या वर्षांचा संबंध, एक दिवस निघता आलं नाही? मला वाईट वाटलं, आणि रागही आला. बाहेर येऊन तावातावाने फोन लावला. त्यांनी उचलला तेव्हा मागे भात्याचा फुसफुस आवाज येत होता.

"म्याडम, यायचं तं लय मनात होतं," ते म्हणाले. "पन आज सोमवार हाये ना."

मी विचारलं, कोण आलंय दुकानात?

"सोनाबाई. तक्रार हाये म्हनते."

"कसली?"

"ते अजून सांगतलं नाई. आताच चाय ठेवला."

मी म्हटलं, मग ऐका आधी तिचं, आणि फोन ठेवून दिला.